हुरमुंजीच्या भिंतीबद्दल मेस्तकाकांचे आभार

आदरणीय मेस्तकाका यांस,
सविनय नमस्कार.

आपण माझ्याशी नेहमी कोकणीतून बोलता आणि हे पत्र मात्र मी मराठीतून लिहीत आहे, यात आपल्याला काही वावगे वाटणार नाही. बोलण्यात कोकणी आणि पोथी-भजनात मराठी ही आपल्या दोघांच्याही घरांची रीतच आहे. आपण गवंडी म्हणून आमच्या घराच्या भिंती चुन्याने दुरुस्त केल्यात, त्याचे हे आभार. पत्र जाहीर लिहिण्याचे कारण असे की, समोर बसून आभार मानू लागले की आपण लगेच चहाचा विषय काढता आणि माझे सांगायचे राहून जाते.

डिचोली तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी आपण पहिल्यांदा आलात तेव्हा माझ्या हातात एक मोठा आराखडा होता. वास्तुरचनेची (आर्किटेक्चरची) पदवी घेतलेली, जोडीला चित्रकलेचा नाद, आणि घराला ‘गोमंतकीय ओळख’ द्यायची म्हणून दर्शनी भिंतीवर ॲक्रिलिक रंगात कावी नक्षीतला (पांढऱ्या चुन्यावरचा लाल थर कोरून काढायची आपली रीत) मोर रंगवण्याचा माझा बेत होता. त्या भिंतीवर काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराच्या सल्ल्याने आम्हीच सिमेंटचा गिलावा चढवला होता. चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, भिंतीत जमिनीतून चढणारी ओल बाहेर पडायला वाट उरली नव्हती. दर पावसाळ्यानंतर कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा (ओलीबरोबर वर येणारा क्षार) फुटत असे आणि आम्ही त्यावर पुन्हा रंग देत असू. आपण आराखडा पाहिला, भिंतीवर तळहात टेकवून थोडा वेळ उभे राहिलात आणि म्हणालात, “भिंत आजारी आहे, तिला दागिने कशाला?” खरे सांगते, मला त्या दिवशी राग आला होता.

सिमेंट काढायलाच तीन आठवडे गेले. आतून निघालेला चिरा हाताळताना, ‘तो खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेवर शिजतो,’ असे आपण सांगितलेत. कॉलेजात मी हेच शिकले होते, पण ते अशा शब्दांत की परीक्षेनंतर काही आठवू नये. १८०७ साली फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून या दगडाला ‘लॅटेराइट’ म्हटले, हे मी आपल्याला मोठ्या उत्साहाने सांगितले तेव्हा आपण एवढेच विचारलेत की त्यांनी घर बांधले होते का.

पुढे चुना आला. शिंपले भाजून केलेली चुनकळी विरवणे, वाळू धुऊन घेणे, गूळ घालून मिश्रण पंधरा दिवस मुरू देणे आणि मग ते कुटणे, यातले प्रत्येक काम आपण मला स्वतःच्या हाताने करायला लावलेत. आठवड्यातले दोन दिवस भजनाला जायचे म्हणून आपण कामाला येत नव्हता आणि मी मनातल्या मनात खर्चाचा हिशेब करत चडफडत असे. चुन्यालाही तेवढी सवड हवीच असते हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले. शाश्वत बांधकामावर मी कॉलेजात चांगला जाडजूड प्रबंध लिहिला होता. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे ८ टक्के वाटा सिमेंटचा असतो, चुना भाजतानाही तो वायू निघतो पण घट्ट होताना चुना त्यातला बराचसा हवेतून परत घेतो, हे सगळे त्यात होते. मात्र भिंत दुरुस्त करता येईल अशीच बांधायची असते, आणि ती दुरुस्ती गावातल्या माणसाला गावातल्या सामानातून जमली पाहिजे, ही गोष्ट त्यात कुठेच नव्हती.

कावीच्या त्या एका पट्टीविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. राजांगणातली, म्हणजे घराच्या आतल्या चौकातली, तुळशीवृंदावनासमोरची भिंत आपण मला दिलीत, जेमतेम चार फूट रुंद. पांढऱ्या चुन्याचा गुळगुळीत थर, त्यावर हुरमुंजी या मातीच्या रंगाचा पातळ लाल थर, आणि दोन्ही ओले असतानाच कंटक या टोकदार लोखंडी अवजाराने लाल खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. अंगठा टेकवला तर ठसा उमटावा, पण रंग बोटाला लागू नये, एवढीच काय ती वेळ हाती असते. पहिल्या खेपेला मी फोनवर बोलत राहिले, थर सुकला आणि कंटक लावताच नक्षीच्या कडा टवके उडून तुटल्या. आपण काही न बोलता करणी घेतलीत आणि सगळी पट्टी खरवडून टाकलीत. दुसऱ्या खेपेला मी पुन्हा मोर काढायला बसले, तेव्हा आपण विचारलेत, “मोर देवळात आहे, तुमच्या घरात काय असते?” बराच वेळ काही सुचेना. मग चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळाफुलांची माटोळी आठवली: सुपारीचा घड, तोरिंजन, कांगले, आजी ज्या क्रमाने बांधत असे त्याच क्रमाने. तेच कोरले, गोट्याने घासून गुळगुळीत केले आणि कित्येक दिवस पाणी शिंपडून ओले ठेवले.

ज्या लाल रंगाला मी अगदी आपल्या मातीचा म्हणत होते, त्या हुरमुंजीच्या नावात इराणच्या आखातातले होर्मुझ बसले आहे. आमच्या छपरावरची मंगळुरी कौले बाझल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळुरात काढलेल्या कारखान्यापासून या किनाऱ्यावर पसरली. आधी हे कळले असते तर मी खट्टू झाले असते. आता यात काही बिघडते असे वाटत नाही. पणजीतल्या कांपालच्या कला अकादमीत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या प्रेक्षागृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी रंगवलेले प्रेक्षक बसलेले आहेत. विद्यार्थिदशेत मी ते कितीदा रेखाटले असेल, पण तिथे चित्र भिंतीवर चढवलेले का वाटत नाही, हे राजांगणात बसून खरवडताना उमगले.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. आमच्या जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले आहेत, त्यांतल्या तुटलेल्या शिंपल्यांच्या जागी नवे शिंपले कुठूनतरी मिळवण्याचा हट्ट मी धरला होता. ते शिंपले आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ‘जुने आहे म्हणून सगळे चांगले असे नाही,’ असे सांगून आपण मला सरळ नकार दिलात आणि माळ्यावरच्या मोडक्या झडपांतून शाबूत शिंपले एकेक वेचून दोन खिडक्या पुऱ्या केल्यात. तिसरीला साधी काच आहे. पाहुणे तिच्याकडे बोट दाखवतात आणि मी कारण सांगते.

एक पावसाळा गेला. लोणा फुटलेला नाही. फक्त पागोळ्यांखाली उत्तरेच्या कोपऱ्यात वीतभर गिलावा सुटला आहे. उरलेला चुना माठात पाण्याखाली ठेवला आहे. तो कोपरा या खेपेला मी करणार आहे, आपण फक्त खुर्चीवर बसून पाहावे, ही विनंती.

आपली नम्र,
माटोळीवाली विद्यार्थिनी