उशिराच्या जन्मनोंदी तपासा, पण आधी जन्मस्थळ विचारा

महोदय,

उशिराच्या जन्मनोंदी कडक तपासायलाच हव्यात. मालेगावात बांगलादेशी-रोहिंग्या घुसखोरांना जन्मदाखले दिल्याच्या आरोपांवरून जानेवारी २०२५ मध्ये राज्याला विशेष तपास पथक नेमावे लागले, ते उगाच नाही. सीमा केंद्राचे दल सांभाळते. पण आत आलेल्याला जन्मदाखला मिळतो तो राज्याच्याच कचेरीतून.

जन्म २१ दिवसांत कळवला तर नोंद मोफत होते. वर्ष उलटले की आदेश लागतो. पूर्वी तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. २०२३ च्या दुरुस्तीने ते काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आले. खातरजमेची जबाबदारीही आता महसूल खात्याचीच.

गोची होते ती नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यात. दिवाळीनंतर पाड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जातात आणि काहींचे बाळंतपण तिकडे पडावावरच होते. नोंद मात्र जन्म झाला त्याच हद्दीत करावी लागते. गावची ग्रामपंचायत 'नोंद आढळत नाही' असा दाखला देते, तो खराच असतो. पण त्याच्या आधारे अर्ज लिहून देणारा जन्मस्थळाच्या रकान्यात सरळ गावाचे नाव टाकतो. पुढे लसीकरण कार्डावर गुजरातचे आरोग्य केंद्र निघाले की प्रकरण बनावट ठरते आणि सातपुड्यातले पावरा आईबाप संशयितांच्या यादीत जातात.

म्हणून पहिला प्रश्न जन्मस्थळाचा असावा. ते गुजरातेत असेल तर अर्ज फेटाळू नका, तिथल्या निबंधकाकडे पाठवा. घरी जन्म असेल तर अंगणवाडीची नोंदवही, मोठ्या भावंडांचा शाळेतील जनरल रजिस्टरचा उतारा आणि आजोबा-पणजोबांसाठी गाव नमुना १४ (गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही) पाहावा. पोलीस पाटलासमोर पंचनामा करावा. असा पिढ्यांचा माग दुसरीकडून आलेल्याला एका दिवसात उभा करता येत नाही. उलट नुसते आधार कार्ड आणि प्रतिज्ञापत्र जोडलेले प्रकरण तिथेच थांबवावे. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्यातच लिहिले आहे. तरी टेबलावर तोच आधी मागतात!

पोलिसांचे कामही असेच कागदाचे आहे. अजिंठ्यासाठी जळगावात उतरणाऱ्या परदेशी पाहुण्याची माहिती लॉजने २४ तासांत 'फॉर्म ३'वर (पूर्वीचा 'फॉर्म सी') भरायची असते. ती भरली जाते का, हे ठाण्याने महिन्याला एकदा तरी पडताळावे.

नंदुरबार आणि सुरत या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी या पत्रव्यवहारासाठी एकेक अधिकारी नेमून द्यावा, तोही ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी.

– एक वाचक, शहादा