प्रार्थनेने कुलूप उघडू नये

संपादक महोदय,

अमेरिकेतील ख्रिस्ती प्रेम-रहस्यकथांना ‘प्रवचन अधिक पाठलाग’ म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. लिहिणे मात्र अवघड. हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेच्या ‘लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स’ मालिकेत सुमारे 55,000 शब्दांत जिवावरचा धोका, प्रेम आणि श्रद्धा हे तिन्ही धागे सांभाळावे लागतात. शिव्या नाहीत, शय्यादृश्ये नाहीत. सगळा ताण पात्रांच्या निर्णयांतूनच आणायचा.

फसते ते श्रद्धेच्या धाग्यात. नायिकेने प्रार्थना केली आणि लगेच पोलीस पोचले, की रहस्य तिथेच संपते. प्रार्थनेनंतरही संकट तसेच राहावे. बदलावे ते तिचे पुढचे पाऊल. लपण्याची जागा उघडी पडेल हे ठाऊक असूनही तिने साक्षीला उभे राहावे. दुसरी खोड म्हणजे शेवटच्या प्रकरणात, लग्नाची सोय म्हणून, नायकाला अचानक झालेला साक्षात्कार. त्याच्या शंका पहिल्या काही प्रकरणांतच दिसायला हव्यात. (आणि खलनायक दर वेळी नास्तिकच कशाला?)

आपल्याकडे ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीत (1857) पाठलाग नाही, पण विधवांच्या हालांतून येणारे दडपण खरे वाटते.

– एक वाचक, पुणे