किलवरची सत्ती

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही. वॉर्डात सगळे सिस्टरच म्हणायचे, मीही तेच म्हणते.

लेकीला ॲनोरेक्सिया आहे, जाड होण्याच्या भीतीनं जेवण तोडायचा आजार आहे, हे कळायला आम्हाला वर्ष लागलं. सोमवार, संकष्टी, एकादशी, मग गुरुवारसुद्धा. पोरगी देवाधर्माचं करायला लागली म्हणून मी चारचौघींत कौतुक सांगत होते. दाखल केलं त्या रात्री फॉर्म भरताना तुम्ही सहज विचारलंत, "आई, ही उपास सोडते कधी?" मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू आणि तुपातला शिरा घेऊन आले, तर तुम्ही डबा दारातच अडवलात. राग आला होता तुमचा. मग स्टूल पुढे करून समजावलंत: फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं उतरतं, हृदयावरही बेतू शकतं. म्हणून थायमिन हे जीवनसत्त्व, रोजची रक्ततपासणी आणि बेताबेतानं वाढवलेलं जेवण. आईच्या हातचा शिरा जिवावर उठेल, हे कुठल्या आईच्या मनात येईल?

पण हे पत्र खरं तर जेवणानंतरच्या तासासाठी आहे. ताट संपलं की ती थरथरायची, बाथरूमच्या दाराकडे बघत राहायची. तुम्ही खिशातून पत्त्यांचा कॅट काढायचात. आपण तिघी बदाम सात खेळायचो. जेवणाबद्दल अक्षर नाही. "शाब्बास, संपवलंस" हे मी म्हणायचे, आणि तेच तिला टोचतं हे तुम्ही मला व्हरांड्यात नेऊन सांगितलंत. "चेहरा भरलाय" म्हटलं तरी तिला "जाड झालीस" असंच ऐकू येतं, म्हणालात.

एकदा तिनं पोळी उशीखाली लपवली. तुम्ही ओरडला नाहीत, माझ्याकडे चहाडी केली नाहीत. दुसरी पोळी आणलीत आणि शेजारी बसलात. (हे तिनंच मला पुढे सांगितलं.) तुमचा स्वतःचा डबा कितीदा तरी तीन वाजेपर्यंत बंदच असायचा, ते मात्र मी पाहिलंय.

घरी येऊन पाच महिने झाले. सगळं सुरळीत आहे असं नाही. परवा एका बारशात कुणीतरी "अंग धरलंस हं" म्हणालं आणि दोन दिवस ताटासमोर रडण्यात गेले. मी नुसती शेजारी बसले. मग कॅट काढला.

सोमवारी ओपीडीला येतोय. तुमची सकाळची ड्यूटी असेल तर बरं होईल. किलवरची सत्ती तुम्ही मुद्दाम दाबून ठेवायचात, असं तिचं म्हणणं आहे.

तुमची,
सहा नंबरच्या कॉटची आई