तिरकिट आणि तिकीट

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

कोजागिरीला आटवलेल्या दुधाचा पेला हातात पडायच्या आत तुम्ही तबल्याची पिशवी उचलून स्कूटरवर पसार झालात, म्हणून हे पत्र.

आमची कल्पना तशी वात्रटच. भुलाबाईच्या गाण्यात सून माहेरी जाऊ का विचारते आणि सासू सांगते, आधी कारल्याचं बी पेर, मग वेल येऊ दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे. एवढी वाट पाहायला लावणारं गाणं म्हणजे मुळातच संथ लयीचा बडा ख्याल! म्हणून विलंबित एकताल, राग दरबारी कानडा, आणि कारल्याच्या जागी रेल्वे: 'वेटिंग बारा गं सूनबाई, अकरा होऊ दे.' ठरलेल्या तबलजींनी दोन दिवस आधी 'असल्या थट्टेला वाजवत नाही' असं कळवलं. मग धंतोलीतल्या एका ताईंनी तुमचा नंबर दिला.

पहिल्या तालमीत मी कानावर हात ठेवून, तोंड वाकडं करून मुद्दाम बेसूर तान मारली. सगळ्या हसल्या, तुम्ही नाही. "काऊन हो, दरबारीनं काय बिघडवलं तुमचं?" एवढंच बोललात आणि तासभर तो कोमल गंधार घोटून घेतलात, त्याचं आंदोलन, म्हणजे हळुवार झुलणं, नीट येईस्तोवर. मला राग आला. दरबारी नव्हे, तुमचा. पण गंधार खरा लागला आणि त्याच्यावर 'वेटिंग' डुलायला लागलं, तेव्हा माझं मलाच हसू आवरेना. कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांतून राग शोधले; आम्ही उलट्या पावली निघालो होतो, निदान चप्पल तरी सरळ घालायला हवी होती.

आणि तबल्याचा तो बोल, तिरकिट! एकतालात चौथ्या आणि दहाव्या मात्रेला तिरकिट येतो, हे मी शाळेपासून हातावर मोजत आले. "तुमचं तिकीट तिथंच पडू द्या नं," हे मात्र तुम्हीच सुचवावं. बारा मात्रांच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा तिरकिटावर तिकीट, आणि कन्फर्म एकदाही नाही.

तुमची लय अशी की एक आवर्तन पाऊण मिनिटाचं. वेटिंग पाचवर आलं तेव्हा मागून एक आजी ओरडल्या, "सोड नं वो पोरीले!" द्रुत तीनतालात आरएसी, आणि शेवटी 'कन्फर्म'ची तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून तिसऱ्याला समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. तिसरं कन्फर्म माझं अर्धी मात्रा आधीच आलं. तुम्ही डग्ग्यावर अशी थाप दिलीत की सम तिथंच होती असं सगळ्यांना वाटलं. आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मानधनाचं पाकीट पेटीखाली सापडलं. ते घेऊन रविवारी येते आहे, सोबत एक डबा. खाऊ ओळखा म्हणणार होते, पण तुम्ही ओळखलंच असेल: कारल्याची भाजी.

तुमची,
सूनबाई (वेटिंग बारा)