मीडिएटरला 40 तासांचं ट्रेनिंग, आर्बिट्रेटरला काहीच नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोर्टातल्या पेंडिंग केसेसचा विषय निघाला की ठरलेला सल्ला मिळतो, मेडिएशन (समजुतीने तडजोड) करा, आर्बिट्रेशन (कोर्टाबाहेरचा लवाद) करा, कोर्टाचा भार हलका करा. करा ना, आमची कुठे ना आहे. पण आर्बिट्रेटर म्हणून ज्याला खुर्चीत बसवतात त्याला नेमकं काय येतं आणि तो कोणाच्या ओळखीतला आहे हे बघायचं कोणी, यावर कोणी अवाक्षर काढत नाही म्हणून हे पत्र.

कोर्टाच्या मेडिएशन सेंटरमध्ये मीडिएटर व्हायचं तर 40 तासांचं ट्रेनिंग घ्यावं लागतं. आता मीडिएटर करतो काय, तर दोन्ही पार्ट्यांना बसवून समजूत घालतो, जमलं तर ठीक, नाही जमलं तर परत कोर्टात. निकाल त्याच्या हातात नसतो. आर्बिट्रेटरच्या हातात मात्र निकालच असतो, त्याच्या अवॉर्डची, म्हणजे निवाड्याची, कोर्टाच्या डिक्रीसारखी वसुली होते आणि ते रद्द करायला आर्बिट्रेशन कायद्याच्या कलम 34 खाली कोर्टात गेलात तरी कोर्ट पुरावे नव्याने तपासत बसत नाही. आणि या माणसाला कायद्याने सक्तीचं ट्रेनिंग? शून्य. 1996 च्या या कायद्यात आर्बिट्रेटर कुठल्याही देशाचा नागरिक असला तरी चालेल एवढं आहे, शिक्षण अनुभवाची अट तुम्हीच अॅग्रीमेंटमध्ये घातली असेल तर ती बघतात, नाहीतर नाही.

2019 मध्ये सरकारने या कायद्यात आर्बिट्रेटरच्या पात्रतेचं आठवं परिशिष्ट आणलं होतं, वकील, सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी), इंजिनिअर वगैरे, 10 वर्षांचा अनुभव पाहिजे असं त्यात होतं. त्यात परदेशी वकील बसत नाहीत अशी ओरड झाली आणि नोव्हेंबर 2020 च्या वटहुकुमात सगळं परिशिष्टच काढून टाकलं. आता पात्रता म्हणे रेग्युलेशनने ठरणार, आणि ज्या आर्बिट्रेशन कौन्सिल ऑफ इंडियाने ते बघायचं ती वर्षानुवर्षं कागदावरच राहिली.

मी बांधकामातला छोटा कॉन्ट्रॅक्टर. एका डेव्हलपरने फायनल बिल अडवलं, अॅग्रीमेंटमध्ये आर्बिट्रेशनचा क्लॉज होता म्हणून आर्बिट्रेटर नेमून घ्यायला हायकोर्टात कलम 11 चा अर्ज केला आणि आर्बिट्रेटर म्हणून एक निवृत्त न्यायाधीश मिळाले. माणूस सज्जन, वेळेचा पक्का, दोन्ही बाजूंचं शांतपणे ऐकणारा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण वाद होता एक्स्ट्रा आयटमचा, म्हणजे करारात नसलेल्या जादा कामाचा. सॉइल रिपोर्टमध्ये मुरूम दाखवलेला, खोदताना लागला काळा पाषाण, ब्रेकर लावून फोडला, त्याचा रेट अर्थातच वेगळा, मेजरमेंट बुकात समोरच्या साइट इंजिनिअरची सही पण आहे. आता आरए (रनिंग अकाउंट) बिलात, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेल्या बिलात, आधी घेतलेली मापं पुढच्या बिलात परत येतात आणि मागचं पेमेंट शेवटी वजा होतं हे आमच्याकडच्या नवशिक्या सुपरवायझरलाही माहीत असतं, पण साहेबांना वाटलं मी एकाच खोदाईचे पैसे दोनदा मागतोय. हे समजावण्यात सिटिंगवर सिटिंग गेल्या आणि प्रत्येक सिटिंगची फी अर्धी माझ्या खिशातून. शेवटी समजलं त्यांना, पण तोपर्यंत माझी शिकवणी मलाच महाग पडली.

आता कोणी म्हणेल मग इंजिनिअरच नेमा. आमच्या धंद्यातल्या एकाला तसाच मिळाला होता, पाषाण मुरूम सगळं पाठ, पण अवॉर्डमध्ये कारणंच नाहीत, आकडा लिहिला आणि खाली सही. कलम 31 सांगतं कारणं द्या. अवॉर्ड रद्द झालं, आता परत पहिल्यापासून. म्हणजे न्यायाधीशाला साइटची भाषा आणि इंजिनिअरला अवॉर्ड कसं लिहायचं हे कोणीतरी शिकवायला पाहिजे, त्यात कमीपणा कसला?

निःपक्षपातीपणाचं तर विचारूच नका. कागदावर कायदा चांगलाय, 2015 च्या दुरुस्तीने पाचव्या परिशिष्टात शंका घेण्याची 34 कारणं दिली, तीन वर्षांत एकाच पार्टीने दोन किंवा जास्त वेळा नेमलं असेल तर तेही त्यात येतं. पण ही माहिती आर्बिट्रेटरने स्वतःच जाहीर करायची, आणि नाही केली तर माझ्यासारख्याला कळणार कुठून? कळलं तरी आक्षेप घ्यायचा त्याच्याचपुढे, त्यानेच तो फेटाळला तर केस त्याच्यापुढेच चालवायची आणि अवॉर्ड आल्यावर कोर्टात जायचं. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी रेल्वेच्या केसमध्ये सांगितलं की एकाच पार्टीने आपल्या मर्जीने आर्बिट्रेटर लादायचा नाही, उत्तम झालं. पण कोर्टाने नेमलेल्यांचं काय? कोर्टाने नेमला म्हणजे तो आपोआप सगळ्यातून पार पडला असं धरूनच चालतात.

अमेरिकेत फेडरल कोर्टांची जी आर्बिट्रेशन स्कीम आहे त्यात 1998 च्या कायद्याने आर्बिट्रेटरला जजसारखी शपथ घ्यावी लागते, जजला लागू असलेले अपात्रतेचे नियम त्यालाही लागू, आणि निर्णय पटला नाही तर 30 दिवसांत नव्याने ट्रायल मागता येते. आपल्याकडे ती परत मागायची सोय नाही, मग निवड तरी त्यांच्यापेक्षा कडक पाहिजे की नको?

गंमत म्हणजे सरकारला हे सगळं कळतं. 3 जून 2024 ला अर्थ मंत्रालयाने आपल्या खात्यांना सांगितलं की 10 कोटींच्या वरच्या वादांसाठी सरसकट आर्बिट्रेशन क्लॉज टाकू नका, आणि त्यात हेही लिहिलं की आर्बिट्रेटरची निवड न्यायाधीशांसारखी काटेकोर होतेच असं नाही. स्वतःपुरती सुटका करून घेतली, आम्ही मात्र पहिल्या पानावर सही करतानाच त्या क्लॉजमध्ये अडकलेले.

माझी मागणी मोठी नाही. हायकोर्टाने कलम 11 खाली कोणाला किती वेळा नेमलं, त्याने किती महिन्यात अवॉर्ड दिलं आणि किती अवॉर्ड पुढे रद्द झाले हे वेबसाइटवर टाकावं. आणि मीडिएटरला जे 40 तास लागतात तेवढे तरी आर्बिट्रेटरला लावावेत, निवृत्त न्यायाधीशांनाही सूट नको.

आपला,
एक वाचक, नाशिक