पुण्यातील वीण-पक्षी पाहणी : अनाम सहकाऱ्यांचे आभार

पुणे शहरात वीण करणाऱ्या पक्ष्यांची यंदाची स्वयंसेवी पाहणी पूर्ण होत असताना, ज्यांची नावे आमच्या नोंदींत कोठेही नाहीत अशा सर्वांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो. पक्षी दिसला म्हणजे तो तेथे वीण करतो असे होत नाही. चोचीतून काड्या नेणे, पिल्लांना भरवणे किंवा त्यांची विष्ठा घरट्याबाहेर टाकणे असा पुरावा मिळेपर्यंत त्याच जागी पुन्हापुन्हा जावे लागते, आणि भल्या पहाटे दुर्बीण घेऊन फाटकाशी उभ्या राहणाऱ्या अनोळखी माणसांवर विश्वास ठेवणे सोपे नसते. तो ठेवून रहिवाशांनी गच्च्या उघडून दिल्या, म्हणून घारींची घरटी दुरूनच पाहता आली. वठलेल्या फांदीतील तांबटाची ढोली रखवालदारांनी दाखवली; कोकिळेच्या पिल्लाला भरवणारा कावळा तर चहाच्या टपरीवरील काकांनी आमच्यातील जाणकारांच्याही आधी हेरला, हे नमूद करायलाच हवे.

सर्वाधिक ऋण झाडे छाटणाऱ्या कामगारांचे आहे. पावसाळ्यापूर्वीची छाटणी आणि वंचक, रातबगळे या झाडांवर घरटी करणाऱ्या बगळ्यांच्या विणीची सुरुवात यांचा काळ जवळपास एकच असतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने घरट्यांना संरक्षण दिले आहे खरे, परंतु करवत चालवण्यापूर्वी कोणी वर पाहिले तरच ते फांदीपर्यंत पोचते; या मंडळींनी पाहिले आणि घरट्यांच्या फांद्या राखल्या.

घरट्यांची नेमकी ठिकाणे जाहीर न करण्याच्या नियमामुळे आपल्या इमारतींचा वा रस्त्यांचा उल्लेख येथे टाळला आहे, याबद्दल गैरसमज नसावा.