तुझ्या रिपोर्टमधली ती ओळ

प्रिय अविनाश,

"पॉझिटिव्ह आलंय रे," एवढं बोलून तू फोन ठेवलास आणि नंतर उचललाच नाहीस. म्हणून हे पत्र.

टॉन्सिलच्या कर्करोगाच्या तपासणीत 'पी१६ पॉझिटिव्ह' वाचून तू धसका घेतलास, पण अख्ख्या रिपोर्टमध्ये तुझ्या बाजूने बोलणारी ओळ तीच आहे. एचपीव्ही या विषाणूच्या १६ नंबरच्या जातीला टॉन्सिलच्या खोल खाचांमध्ये आयता आसरा मिळतो. पेशीवर पहारा देणारी दोन प्रथिनं हा विषाणू निकामी करतो. त्यातलं एक पडलं की पेशी पी१६ नावाचं स्वतःचं प्रथिन भरमसाट बनवू लागते. म्हणजे पी१६ विषाणूचं नव्हे, चोर घरात शिरल्यावर आपल्याच पेशीने मारलेली ती बोंब आहे.

अशी गाठ उपचारांना खूप चांगली दाद देते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनी एचपीव्हीवाले सुमारे ८२ टक्के रुग्ण हयात होते, बाकीच्यांतले ५७. पुढे या कर्करोगाची स्टेज ठरवायचे नियमच वेगळे झाले. मानेत गाठ असून स्टेज एक कशी, हे तुझं कोडं तिथे सुटतं.

आता तू फोनवर गिळलेला प्रश्न. कधी आणि कुणाकडून? ते कळायला मार्ग नाही, आणि शोधूही नकोस. हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो हे खरं, पण आयुष्यात कधी ना कधी तो बहुतेकांना गाठतो आणि एक-दोन वर्षांत बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून देतं. थोड्यांच्यात तो ठाण मांडतो, आणि त्याची गाठ व्हायला दशकं जातात. त्यावरून आजच्या संसारावर संशय घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. वहिनींना हे तू स्वतः सांग. त्यांना वेगळं औषध नको. गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी तेवढी चुकवू नये. मुलांच्या लशीचंही विचार. याच विषाणूवरची आहे.

एक मात्र ऐक. "बरा होणारा आहे, तर किमो हलकी द्या," असा हट्ट धरू नकोस. सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधाऐवजी सौम्य वाटणारं सेटुक्सिमॅब हे औषध देऊन पाहिलं होतं. २०१८ साली निकाल आले तेव्हा त्या गटात जास्त माणसं दगावली होती. आणि सिगारेट आजच सोड. ती ओढणाऱ्यांच्या बाबतीत या ओळीचा फायदा बराच घटतो. (हो, मी सोडली तेव्हा किती चिडचिड केली होती, आठवतंय.)

शेक (रेडिएशन) सुरू व्हायच्या आधी दात दाखवून घे, नंतर ते काढणं त्रासाचं होतं. तारीख ठरली की कळव, सोबत मी येतो.

तुझाच,
सुधीर